ओहोळाचे पाणी येते कोठून? नकाशावर पाणलोट कसा काढावा

ओहोळावर बंधारा घालायचा ठरला की पहिला वाद जागेचा होतो. ज्याचे शेत जवळ त्याला बंधारा आपल्या बांधाशी हवा असतो. खडी-सिमेंट नेणे सोपे म्हणून पुष्कळदा रस्त्यालगतचीच जागा ठरते. परंतु बंधाऱ्यावर किती पाणी चालून येणार हे रस्त्यावरून कळत नाही, ते वरच्या डोंगरावरून कळते. थोड्या पाण्यासाठी मोठा बंधारा बांधला तर पैसा वाया जातो. मोठ्या पाण्यापुढे लहान बांधला तर एकाच आषाढात तो फुटतो आणि खालची भातखाचरे वाळूने भरतात.

ज्या जमिनीवर पडलेला पाऊस वाहत येऊन एका ठराविक जागेतून बाहेर पडतो, ती सर्व जमीन म्हणजे त्या जागेचा पाणलोट. दोन पाणलोटांमधील हद्द डोंगराच्या माथ्यावरून जाते, तालुक्याच्या किंवा राज्याच्या सीमेवरून नाही. आपली दमणगंगाच पहा. ती महाराष्ट्रात दिंडोरी तालुक्यातील आंबेगावजवळच्या सह्याद्रीत उगम पावते आणि सुमारे 131 किलोमीटर वाहून दमणजवळ समुद्राला मिळते. तिचा पाणलोट सुमारे 2,318 चौरस किलोमीटर आहे. दादरा व नगर हवेलीचे क्षेत्र अवघे 491 चौरस किलोमीटर, म्हणजे सगळी हवेली धरली तरी पाव हिस्सा होत नाही. सिलवासाजवळ येणारे पाणी बहुतांशी दुसऱ्यांच्या डोंगरावर पडलेले असते.

पूर्वी हे काम सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावर पेन्सिलीने करीत. समान उंचीच्या रेषा जेथे डोंगराकडे टोक करून वळतात तेथे ओहोळ, आणि जेथे उताराकडे फुगतात तेथे सोंड. आजही हे एकदा हाताने करून पाहावे. त्याशिवाय संगणकाने काढलेली रेषा बरोबर की चूक ते ओळखता येत नाही. संगणकाला मात्र उंचीचे आकडे लागतात. फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर या अमेरिकन अंतराळयानाने 11 दिवसांत रडारच्या साह्याने पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. आपल्या देशाचा कार्टोसॅट-1 हा उपग्रह 2005 साली गेला. त्याच्या चित्रांवरून तयार केलेली उंचीची माहिती भुवन या सरकारी स्थळावर मिळते. दोन्हींत जमिनीचे सुमारे 30 मीटर लांब-रुंद चौकोन पाडून प्रत्येकाला एक उंची दिलेली असते. ती वापरण्यासाठी क्यूजीआयएस नावाचा फुकट मिळणारा कार्यक्रम पुरेसा आहे. आपल्या घरी संगणक शिकलेला मुलगा किंवा मुलगी असेल तर चार दिवसांत हात बसेल.

माहितीचे तुकडे एक-एक अंशाचे असतात. 73 अंश रेखांशाची रेषा सिलवासाच्या अगदी जवळून जाते, म्हणून 72 आणि 73 हे दोन्ही तुकडे घेऊन जोडावे लागतात. पूर्ण दमणगंगा हवी असल्यास 20 अंश अक्षांशाच्या खालचेही तुकडे घ्यावेत. येथे पुष्कळांचे चुकते. ते नकाशा हवेलीच्या सीमेवर कापतात आणि मग गणित करतात. डोंगर सीमेपलीकडे राहतो आणि पाणलोट लहान दिसतो. आधी गणित, मग कापणी.

आता संगणक काय करतो ते खाचरावरून समजून घ्या. वरचे खाचर भरले की पाणी बांधाच्या सर्वांत सखल जागेवरून खाली उतरते. तसेच संगणक प्रथम नकाशातील खोटे खड्डे भरून घेतो, नाहीतर पाणी तेथेच अडून बसते. नंतर प्रत्येक चौकोन आपल्या आठ शेजाऱ्यांकडे पाहतो आणि जिकडे उतार सर्वांत तीव्र तिकडे पाणी सोडतो. मग प्रत्येक चौकोनात वरून किती चौकोनांचे पाणी आले ते मोजले जाते. जेथे संख्या मोठी, तेथे ओहोळ. हद्द आपण ठरवायची: एक चौकोन 900 चौरस मीटरचा, म्हणून 1,000 चौकोन म्हणजे 90 हेक्टर. एवढी हद्द ठेवली तर साकरतोड, दुधनी, पिपरिया दिसतील, पण पाड्यामागची घळ दिसणार नाही. तिच्यासाठी 100 चौकोन, म्हणजे 9 हेक्टर धरावेत. शेवटी बंधाऱ्याच्या जागेवर खूण केली की तिचा पाणलोट रंगून येतो. खूण नेमकी ओहोळाच्या चौकोनावर पडली पाहिजे. एक घर बाजूला सरकली तर सारा पाणलोट नाहीसा होतो.

समजा तो 20 हेक्टर निघाला. एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस झाला, आणि आपल्याकडे तो होतोच, तर त्यावर 2 कोटी लिटर पाणी पडले. अर्धे मुरले तरी 1 कोटी लिटर बंधाऱ्याकडे येईल. सांडव्याचा विचार या आकड्यापासून सुरू करावा. अंतिम माप मात्र अभियंत्याकडून घ्यावे.

नकाशा दाखवतो तसे कामही माथ्यापासून पायथ्याकडे आणावे. 1993 साली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था उभी करणारे जेसुइट फादर हर्मन बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी महाराष्ट्रातील कोरड्या गावांत हाच क्रम धरला. आधी माथ्यावर चर व झाडे, बंधारा सर्वांत शेवटी. आपल्याकडे पाऊस भरपूर, पण उतारावरची माती तेथल्याइतकीच पातळ आहे.

विहिरीच्या जागीही अशीच खूण करून पाहा. पहिल्या पावसानंतर जुलाब सुरू होतात, तेव्हा विहिरीच्या वरच्या अंगाला कोणाचा गोठा, कोणाचा शौचखड्डा आहे ते नकाशावर चटकन दिसते. खडकाच्या भेगांतून मुरणारे पाणी या रेषा पाळत नाही, परंतु कठड्यावरून आत शिरणारे गढूळ पाणी पाळते. तेव्हा कठडा उंच करावा, वरून येणारे पाणी चर काढून वळवावे आणि पिण्याचे पाणी उकळावे.

या आकड्यांचे दोष लक्षात ठेवा. दाट सागवानात रडारला झाडांचे शेंडे दिसतात, जमीन नाही. मधुबन धरणाचा जलाशय सपाट दिसतो, तेथे काढलेल्या रेषांना अर्थ नसतो. रस्त्याच्या भरावाखालची मोरी संगणकाला ठाऊक नसते. म्हणून जूनच्या पहिल्या जोराच्या पावसात छत्री घेऊन, गुरे राखणाऱ्या म्हाताऱ्यांना बरोबर घेऊन, रेषेवरून चालून यावे. ते म्हणतील की पाणी इकडून जाते, तर नकाशा दुरुस्त करावा, त्यांना नव्हे.

सिलवासाच्या सखल भातजमिनीत तर एक मीटरचा फरकही 30 मीटरच्या चौकोनात हरवतो. तेथे पारदर्शक नळीत पाणी भरून दोन काठ्यांना बांधावी आणि जुन्या पद्धतीनेच पातळी घ्यावी.