वंशसंहाराचा पाठ : साहित्य निवडताना

नववी-दहावीला वंशसंहार आणि मानवी हक्क शिकवायचे म्हटले की इंटरनेटवर ढीगभर साहित्य सापडते. वर्गात नेण्याजोगे त्यात थोडेच असते. निवडणाऱ्या शिक्षकावर समोरच्या मुलांची जबाबदारी असते, तशीच मारल्या गेलेल्या माणसांचीही.

काय करावे

• मूळ दस्तऐवजांपासून सुरुवात करा. संयुक्त राष्ट्रांनी 9 डिसेंबर 1948 रोजी वंशसंहारविरोधी करार संमत केला आणि दुसऱ्याच दिवशी मानवी हक्कांचा जाहीरनामा. जाहीरनाम्याची 30 कलमे मराठीतही मिळतात. ती मुलांच्या हातात द्या. पहिल्या कलमाच्या इंग्रजी मसुद्यात फक्त पुरुषांचा उल्लेख होता. तिथे 'सर्व मानव' असे यावे म्हणून आग्रह धरला भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी. मुंबई विधान परिषदेत काम केलेल्या या बाईंचे नाव आपल्या मुलांना माहीत असलेच पाहिजे.

• साक्षी ऐकवा. शोआ फाउंडेशनकडे वंशसंहारांतून वाचलेल्यांच्या 50 हजारांहून अधिक चित्रित मुलाखती आहेत. त्यांत रवांडातील तुत्सी लोकांच्याही आहेत. दहा मिनिटांचा एकच तुकडा निवडा, आधी स्वतः पूर्ण पाहा, मग मराठीत समजावत दाखवा.

• छायाचित्र कोणी काढले, कशासाठी, हे शोधा. वॉर्सातील हात वर केलेल्या ज्यू मुलाचे प्रसिद्ध छायाचित्र 1943 च्या नाझी अहवालातले आहे, म्हणजे मारणाऱ्यांच्या बाजूने काढलेले. हे सांगितले की मुले त्याच चित्राकडे वेगळ्या नजरेने पाहतात. त्याच्या शेजारी युद्धापूर्वीच्या ज्यू कुटुंबांची लग्नाची, शाळेची, सहलीची छायाचित्रे ठेवा. वॉशिंग्टनचे होलोकॉस्ट संग्रहालय आणि जेरुसलेमचे याद वाशेम यांच्या संग्रहांत ती आहेत.

• एकच घटना घ्या, पण खोलात जा. रवांडात बेल्जियन राजवटीने ओळखपत्रांवर हुतू की तुत्सी अशी वांशिक गटाची नोंद सुरू केली. पुढे रेडिओवरून तुत्सींना झुरळे म्हटले जाऊ लागले. एप्रिल 1994 पासून सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. ओळखपत्र, रेडिओवरचे शब्द आणि त्या प्रक्षेपणाबद्दल 2003 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने दिलेला निकाल, एवढ्यावर पूर्ण पाठ उभा राहतो.

काय टाळावे

• प्रेतांच्या ढिगांची चित्रे. मुले दचकतात, मान फिरवतात आणि शिकणे तिथेच थांबते.

• 'तू कैदी, तू पहारेकरी' असले नाट्यीकरण. ती यातना वर्गात उभी करता येत नाही, आणि तसा प्रयत्न करूही नये.

• हळवी काल्पनिक कथा इतिहास म्हणून वाचायला देणे. 'द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज' ही कादंबरी शिकवताना टाळावी, असे ऑश्विट्झ स्मारकानेच 2020 मध्ये जाहीरपणे सांगितले. ॲन फ्रँकची डायरी मराठीत आहे; ती द्या.

• आकड्यांची स्पर्धा. साठ लाख ज्यूंचे दुःख मोठे की तुत्सींचे, हा प्रश्न फळ्यावर नको.

• जवळचा दुवा म्हणून चुकीचा दुवा. कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. ते नाझी छावण्यांतून सुटून आलेले नव्हते. सोव्हिएत राजवटीने त्यांना घरादारातून उचलून दूर हद्दपार केले होते. वळिवडे जरूर शिकवा, पण आश्रयाच्या हक्कासाठी, म्हणजे जाहीरनाम्याच्या चौदाव्या कलमासोबत.

• मूळ स्रोत न दिलेले व्हिडिओ आणि फॉरवर्ड.

• वर्गातल्या एखाद्या मुलाच्या जातीधर्माकडे बोट जाईल असे कोणतेही उदाहरण. हा नियम मोडणारे साहित्य कितीही चांगले वाटले तरी बाजूला ठेवा.

पाठाआधी पालकांना कळवा आणि तासिकेची शेवटची पंधरा मिनिटे मुलांच्या प्रश्नांसाठी मोकळी ठेवा. त्या वेळेत कोणताही व्हिडिओ लावू नका.