‘उतरणे’ : एकट्याने परक्या शहरात पोहोचण्याचे गद्य

रेल्वेच्या प्रवाशाला मराठीत ‘उतारू’ म्हणतात. चढणाराही तोच आणि बसणाराही तोच. नाव मात्र पडले ते उतरण्यावरून. ‘उतरणे’ या क्रियापदात दोन अर्थ एकमेकांत गुंतलेले आहेत : वाहनातून खाली येणे आणि कोणाकडे तरी मुक्कामाला राहणे. ‘कुठे उतरलात?’ या प्रश्नाला ‘दोन नंबरच्या फलाटावर’ असे उत्तर कोणी देत नाही. ‘मामांकडे’, ‘धर्मशाळेत’, ‘लॉजवर’ असे देतात. खाली पाऊल टाकणाऱ्याला डोक्यावर छप्पर मिळणारच, हे भाषेने गृहीत धरलेले आहे.

बोथच्या वर्गात हा मुद्दा समजावून द्यावा लागत नाही. तेलुगूतले ‘दिगु’ हे क्रियापद हेच दोन्ही अर्थ वाहते. बसमधून उतरणे तेच आणि हॉटेलात उतरणेही तेच. शेजारी नांदलेल्या दोन भाषांत अशी जुळणी असणे नवलाचे नाही. प्रवासवर्णन शिकवताना मात्र ती फार उपयोगी पडते, कारण माणूस एकटाच अनोळखी शहरात पोहोचतो तेव्हा हे दोन अर्थ एकमेकांपासून सुटतात. गाडीतून तो उतरलेला असतो. कुठे उतरायचे ते ठरलेले नसते. मधला तास-दोन तासांचा किंवा दिवसभराचा वेळ कसा लिहिला आहे, यावरून त्या गद्याचा कस लागतो असे मला वाटते.

जुन्या मराठी प्रवासवृत्तांत हा वेळ सहसा दिसत नाही. विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून निघाले ते काकांबरोबर. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापला गेला. भोवती बंडाचा वणवा पेटलेला असूनही ग्वाल्हेर काय, झाशी काय, या गावांत मराठी बोलणारे दरबार, आश्रित आणि भटभिक्षुक होते. मुलूख परका, पण पंक्ती ओळखीच्या. संकटे पुष्कळ आली. ‘आता विचारू कोणाला आणि कोणत्या भाषेत’ हे संकट मात्र क्वचितच.

आनंदीबाई जोशी यांची गोष्ट वेगळी. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीवर चढल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. नवरा मागे राहिला. सोबत होती ती मिशनरी बायकांची. ४ जूनला न्यूयॉर्क आले. तिथे कार्पेंटरबाई न्यायला हजर होत्या. गोपाळरावांचे पत्र एका मिशनरी मासिकात वाचून त्यांनी पत्रव्यवहार सुरू केला होता. म्हणजे ‘उतरणे’चे दोन्ही अर्थ आनंदीबाईंच्या बाबतीत एकाच दिवशी जुळून आले. एकटेपण नंतर आले, फिलाडेल्फियात कॉलेज सुरू झाल्यावर. खोलीतली शेगडी पेटवावी तर धूर, न पेटवावी तर थंडी. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले चरित्र वर्गात वाचताना मुले बंदरापाशी थांबतात, कारण नाट्य तिथे आहे असे त्यांना वाटते. त्यांना पुढे त्या खोलीपर्यंत न्यावे.

पंडिता रमाबाईंच्या १८८९ सालच्या पुस्तकाच्या नावातच ‘लोकस्थिती’ आधी येते आणि ‘प्रवासवृत्त’ मागून. त्यांची दृष्टी स्वतःच्या उतरण्याकडे नव्हतीच.

वर्गासाठी खरा नमुना म्हणून मी धर्मानंद कोसंबींचे ‘निवेदन’ (१९२४) घेतो. १८९९च्या अखेरीस पत्नी आणि तान्ही मुलगी यांना मागे ठेवून हा गृहस्थ घरातून निघाला. साखवाळहून पुणे म्हणजे तेव्हा पोर्तुगीज अमलातून ब्रिटिश अमलात जाणे. घरची भाषा कोंकणी, लिहिण्याची मराठी, शिकायचे होते संस्कृत आणि शोधायचा होता बुद्ध. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बोधगया, कलकत्ता आणि १९०२मध्ये कोलंबोचे विद्योदय विद्यालय. प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच : राहायचे कुठे आणि जेवायचे कुठे. काशीत अन्नछत्राने जेवणाचा प्रश्न सोडवला. कोसंबी हे लिहितात ते कसलाही सूर न लावता. कोणी ठेवून घेतले, हातात काय उरले, पुढची वाट कोणी दाखवली, एवढेच. शहराचे वर्णन फारसे नाही. वाचकाला शहर दिसते ते आसरा शोधणाऱ्याच्या डोळ्यांनी, आणि म्हणून खरे वाटते. (त्यांच्या गद्याला कोरडे म्हणणाऱ्यांनी ही पाने पुन्हा वाचावीत.)

आता आपल्या मुलांकडे वळू. बारावीनंतर बोथहून हैदराबादला जाणारा विद्यार्थी निर्मळमार्गे रात्रीच्या बसने निघतो आणि पहाटे जुबिली बसस्थानकावर किंवा मुसी नदीतल्या महात्मा गांधी बसस्थानकावर उतरतो. राजधानी त्याच्याच राज्याची, तरी त्याला ती परकी. बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ १ नोव्हेंबर १९५६ रोजी किनवट आणि राजुरा तालुक्यांबरोबर मुंबई राज्यात गेले. उरलेला तालुका आंध्र प्रदेशात राहिला. त्या दिवसापर्यंत दोन्हीकडच्या मुलांचे ‘शहर’ एकच होते. मराठवाड्यातून शिकायला येणाऱ्या मुलाचे हैदराबादेत कोणी ना कोणी असायचे. कुरुंद्याच्या नरहर कुरुंदकरांना मामा होते, उस्मानियात मराठी शिकवणारे ना. गो. नांदापूरकर. १९०७पासून विवेकवर्धिनी होती. इस्लापूरच्या मुलाला नंतर आपल्या भाषेची, पण फार लांबची राजधानी मिळाली. बोथच्या मुलाची राजधानी तीच राहिली. मामा मात्र हळूहळू कमी होत गेले.

या मुलांना ‘मी प्रथमच एकटा शहरात गेलो’ असा विषय दिला, तर दुसऱ्याच वाक्यात चारमिनार येतो, तिसऱ्यात गोवळकोंडा. पहाटेचा तो तास गायब. तोंडी विचारले की सगळे बाहेर पडते. पत्ता विचारायचा होता. मराठीत विचारून उपयोग नव्हता. तेलुगूत विचारावे तर ‘गावाकडचा’ म्हणून ओळखतील ही भीती. मग आदिलाबादी वळणाच्या हिंदीत विचारले, आणि समोरच्या रिक्षावाल्याने दखनीत उत्तर दिले. एका मुलीने सांगितले की विचारण्याआधी तिने ते वाक्य मनात तीन वेळा म्हणून पाहिले. वहीत यातले काहीच नव्हते. वहीत होते : ‘शहर खूप गजबजलेले होते.’

माझ्या मते सीमाभागातल्या मराठी लेखनाचे नुकसान इथेच होते. निबंधात दुसऱ्या भाषेचा शब्द आला की तो खोडावा, असे मानणारे परीक्षक अजून आहेत. त्यामुळे ज्या भाषेत मुलाने वाट विचारली ती भाषा त्याच्या मराठी गद्यात येतच नाही, आणि तिच्याबरोबर तो मुलगाही वगळला जातो. उरते ते पुण्याच्या पाठ्यपुस्तकातले, कोणाचेही चालेल असे शहर. तेलुगू किंवा दखनी वाक्य देवनागरीत जसेच्या तसे उतरवून त्यापुढचे कथन मराठीत चालू ठेवले, तर मराठीला बाधा येत नाही. तिकिटाचा कागदही प्रवाशाच्या भाषेत नसतो. तो खिशात ठेवूनच प्रवास होतो.

म्हणून मी स्वाध्याय असा देतो. बसमधून पाय खाली ठेवल्यापासून पिशवी एखाद्या खोलीत ठेवेपर्यंतचाच वेळ लिहायचा. त्याआधीचे नको, नंतरचे नको. खिशात किती पैसे होते ते लिहायचे. पहिले वाक्य कोणाशी बोललात आणि कोणत्या भाषेत, ते त्या भाषेतच लिहायचे. प्रेक्षणीय स्थळ एकही नाही. विशेषणे फार तर पाच. सुरुवातीला मुले कुरकुरतात, ‘सर, यात लिहिण्यासारखे काय?’ म्हणतात. मग कोणी वसतिगृहाच्या दाराशी सकाळी आठपर्यंत बसल्याचे लिहितो. कोणी दूरच्या नात्यातल्या काकूंकडे गेलेला असतो. दार उघडल्यावर काकूंनी विचारले, ‘किती दिवस?’ आणि त्याने दोन म्हणायचे ते एक म्हटले.