ट्रायबल डान्स : संस्कृती की टाईमपास?

आपल्या गॅदरिंगला एक 'आदिवासी डान्स' ठरलेलाच. वर्धा जिल्ह्यात गोंड, कोलाम राहतात, तरी आपले कपडे पानांचे आणि ओरडणं 'झिंगालाला'! टुरिस्टांसाठीच्या शोमध्ये खरे आदिवासी नाचतात, मग ते तरी अस्सल असतं का?

पालघरकडच्या वारल्यांचा तारपा नाच घ्या. तारपा म्हणजे भोपळा आणि बांबूचं लांब वाद्य. भाताचं पीक हाती आलं की रात्र-रात्र नाच चालतो. वाजवणारा मध्ये, बाकीचे कमरेला हात धरून त्याच्याभोवती. तारप्याला पाठ दाखवायची नाही, त्याचा सूर बदलला की पावलं बदलतात. हाच नाच स्टेजवर गेस्टसमोर रांगेत उभा केला, की पाठ तारप्याकडे! म्हणजे नाचाचं सेंटरच हललं.

पैसे घेऊन नाचण्यात मला काही वाईट वाटत नाही. हवाईत १९६३ पासून पॉलिनेशियन कल्चरल सेंटर आहे. तिथे बेटांवरचे स्टुडंट्स काम करून शिक्षणाचा खर्च काढतात (आपण ट्यूशन्स घेतो तसंच). जिव्या सोमा म्हसे यांनी लग्नघराच्या भिंतीवरची वारली चित्रं कागदावर आणली, २०११ मध्ये पद्मश्री मिळवली. पण काय काढायचं ते त्यांनी स्वतः ठरवलं.

गॅदरिंगचा डान्स बसवताना आपण कुणाला विचारलं? आपल्याच हॉस्टेलवर गोंड मुलं आहेत. ती तेव्हा प्रेक्षकांत बसलेली असतात.