मेळघाटच्या वनमार्गावर एक दिवस : सहलीची आखणी कशी करावी?

सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस पसरलेला मेळघाट हा घाटांचा मेळ असलेला प्रदेश होय. धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके, सागाची दाट वने, तापीला जाऊन मिळणाऱ्या सिपना, गडगा, खापरा, खंडू आणि डोलार या नद्या आणि कोरकू बांधवांची गावे असे त्याचे स्वरूप आहे. २२ फेब्रुवारी १९७४ रोजी येथे व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. देशात प्रथम स्थापन झालेल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत त्याची गणना होते.

या वनातून जाणारे रस्ते दिवसाच्या सहलीस उत्तम आहेत. शाळा, ग्रामपंचायती, कार्यालयीन कर्मचारी आणि कुटुंबे असे अनेकजण तेथे जातात. मात्र वनातील रस्ता हा शहरातील रस्त्यासारखा नव्हे. सप्टेंबर २०२४ मध्ये सेमाडोहजवळ एक खासगी बस पुलावरून खाली कोसळून काही प्रवाशांना प्राण गमवावे लागले. त्या बसमध्ये शाळेवर निघालेले शिक्षकही होते. सौंदर्य आणि धोका एकाच वळणावर असतात, याचे भान ठेवूनच सहलीची आखणी व्हावयास हवी. ही आखणी पायरीपायरीने कशी करावी, हे एका प्रत्यक्ष मार्गाच्या उदाहरणाने पाहू.

मार्गाची निवड

अमरावतीहून सुमारे ५० किलोमीटरवर असलेले परतवाडा हे मेळघाटचे प्रवेशद्वार. तेथून धामणगाव गढी व मोथा या मार्गाने चिखलदऱ्यास चढावे. चिखलदऱ्याहून घटांगकडे उतरून सेमाडोहला जावे आणि सेमाडोहहून घटांगमार्गे परतवाड्यास परत यावे. या मार्गाचा बराचसा भाग दुसऱ्यांदा तुडवावा लागत नाही आणि पठार, दरी, नदीकाठ ही वनाची तिन्ही रूपे दिसतात.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंचीवर असून विदर्भातील ते एकमेव थंड हवेचे ठिकाण आहे. येथील उतारांवर कॉफीची लागवड झालेली आहे. जवळच गाविलगडचा विस्तीर्ण किल्ला आहे. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली याच्या सैन्याने तो नागपूरकर भोसल्यांकडून जिंकला आणि त्यानंतर देवगावचा तह झाला. इतिहासाच्या शिक्षकांना याहून चांगला वर्ग मिळणे कठीण. सेमाडोह हे सिपना नदीकाठचे गाव असून तेथे वन विभागाचे पर्यटन संकुल आहे.

वेळेचा हिशेब

अशा सहलीत सर्वांत मोठी चूक होते ती अंतर पाहून वेळ ठरविण्याची. घाटातील रस्त्यावर तासाला २५ किलोमीटरपेक्षा अधिक वेग हिशेबात धरू नये. वरील फेरी सव्वाशे किलोमीटरची धरली, तर केवळ वाहन चालण्यास ५ तास लागतात. किल्ला, दरीची दृश्ये, भोजन आणि विश्रांती यांसाठी किमान ३ तास हवेत. टायर पंक्चर होणे, एखाद्यास घाट लागून उलट्या होणे, रस्त्याचे काम चालू असणे यांसाठी १ तास राखून ठेवावा. एकूण ९ तास झाले.

आता हिशेब उलट्या दिशेने मांडावा. डिसेंबरमध्ये या भागात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारून येते. म्हणून सायंकाळी ५ वाजता परतवाड्यास पोहोचले पाहिजे. त्यासाठी सकाळी ८ वाजता परतवाडा सोडावे लागेल, आणि अमरावतीहून निघणाऱ्यांना साडेसहाला निघावे लागेल.

सेमाडोहला पोहोचल्यावर ‘कोलकास जवळच आहे, तेवढे पाहून येऊ’ असा आग्रह हमखास होतो. कोलकासला जाऊन येण्याचे अंतर सुमारे ३० किलोमीटर, म्हणजे सव्वा तास, आणि तेथे थांबण्याचा वेळ निराळा. राखीव तास त्यात संपतो आणि परतीचा घाट अंधारात उतरावा लागतो. कोलकास पाहावयाचे असेल तर सकाळीच चिखलदरा वगळून थेट सेमाडोहचा मार्ग धरावा. एका दिवसात दोन्हींचा हव्यास धरू नये. काय पाहावयाचे याइतकेच काय सोडावयाचे हे आधी ठरविणे म्हणजे नियोजन होय.

ऋतूचा विचार

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. पावसाळ्यात वन हिरवेगार असते, पण चिखलदऱ्यावर दाट धुके उतरते, दरडी कोसळतात आणि ओढ्यांना अचानक पूर येतो. पुलावरून पाणी वाहत असेल तर ते ओसरेपर्यंत थांबावे. पाण्याची खोली वाहन घालून अजमावू नये. मार्च महिन्यात पळस फुलतो आणि मोहफुले वेचण्यास स्त्रिया व मुले पहाटेपासून रस्त्याच्या कडेला असतात. त्या वेळी वाहन सावकाश हाकावे. हा वणव्यांचाही काळ आहे. वाळलेल्या सागाच्या पानांत पडलेले विडीचे एक थोटूक शेकडो हेक्टर वन जाळण्यास पुरेसे होते. वनात चूल पेटविणे तर सर्वथा टाळावे.

होळीनंतरचे काही दिवस कोरकू बांधव रस्त्यावर वाहने थांबवून ‘फगवा’ मागतात. त्यांच्या सणाचा हा भाग आहे हे ध्यानी घेऊन हसतमुखाने यथाशक्ती द्यावे.

वाहन आणि चालक

निघण्यापूर्वी ब्रेक, टायर, दिवे आणि जादा चाक तपासून घ्यावे. इंधन परतवाड्यासच पुरेसे भरावे. घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा. इंजिन बंद करून वा न्यूट्रलमध्ये उतार उतरणे म्हणजे अपघातास निमंत्रण देणे होय. चढणाऱ्या वाहनास प्रथम वाट द्यावी. बसमध्ये आसनसंख्येपेक्षा एकही प्रवासी अधिक घेऊ नये. चालकाची आदल्या रात्रीची झोप झाली आहे का, हे सहलप्रमुखाने स्वतः विचारावे. घाटात चालकास ‘लवकर चला’ असे कोणीही म्हणू नये.

मोबाइल संपर्क अनेक ठिकाणी तुटतो. म्हणून प्रवाशांची यादी, मार्ग आणि परतण्याची वेळ लिहून एक प्रत गावी वा शाळेत ठेवावी. प्रथमोपचार पेटी सोबत असावी. आपत्कालीन मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि वन विभागाचा १९२६ हे क्रमांक सर्वांना ठाऊक असावेत.

वनाचे नियम

सार्वजनिक रस्ता सोडून व्याघ्र प्रकल्पाच्या अंतर्भागात जाण्यास वन विभागाचा परवाना आवश्यक आहे. ऋतुमानानुसार काही मार्ग बंद ठेवले जातात व रात्रीच्या वाहतुकीवर निर्बंध असू शकतात. म्हणून आदल्या आठवड्यात वन कार्यालयात चौकशी करावी.

रानगवा, सांबर, अस्वल, बिबट्या यांना रस्ता म्हणजे माणसाची मालकी असे वाटत नाही. प्राणी दिसताच वाहन हळू करावे, कर्णा वाजवू नये, खाली उतरू नये. माकडांना खाद्य टाकणे ही भूतदया नव्हे. खाद्याच्या आशेने ती रस्त्यावर बसू लागतात आणि चाकाखाली येतात. नेलेला प्रत्येक कागद व पिशवी परत आणावी.

गावांशी नाते

मेळघाट हे केवळ वाघांचे घर नव्हे. येथील कोरकू समाजाची भाषा मुंडा भाषाकुळातील आहे. म्हणजे मराठी व हिंदी यांच्यापेक्षा तिचे नाते झारखंडातील संथाळी, मुंडारी या भाषांशी अधिक जवळचे आहे. विद्यार्थ्यांना हे आवर्जून सांगावे. बालकांच्या कुपोषणामुळे या प्रदेशाचे नाव १९९० च्या दशकापासून वारंवार चर्चेत आले. त्यामुळे येथील माणसांकडे दयेने वा कुतूहलाने पाहण्याची सवय पाहुण्यांना जडली आहे. घरांची व माणसांची छायाचित्रे विचारल्याशिवाय घेऊ नयेत आणि मुलांना पैसे वा चॉकलेटे वाटू नयेत.

त्याऐवजी भोजन, चहा, खवा, मध, फळे यांची खरेदी गावातच, योग्य दाम देऊन करावी. पायथ्याच्या पायविहीर गावाने सामूहिक वनहक्काच्या जमिनीवर वन राखले आणि तेथील सीताफळे बाजारात आणून दाखविली. सहलीतील एक तास अशा गावच्या ग्रामसभेच्या कार्यकर्त्यांसाठी ठेवल्यास पंचायत सदस्यांना मोठा लाभ होईल. अर्थात तो तास किल्ल्याच्या वेळेतून काढावा, राखीव वेळेतून नव्हे.

मार्गावरील ग्रामपंचायतींनाही येथे काम आहे. गावाच्या दोन्ही टोकांना वेग कमी करण्याची सूचना, स्वच्छतागृह, कचऱ्याची व्यवस्था आणि बचत गटाचे भोजनगृह एवढ्या सोयी झाल्या, तर येणारा प्रवासी गावास भार न वाटता आधार वाटू लागेल.

सहल संपल्यावर दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष लागलेला वेळ, बंद असलेले रस्ते, खर्च आणि आलेल्या अडचणी यांची नोंद एका पानावर करून ती शाळेच्या वा पंचायतीच्या दप्तरी ठेवावी. पुढील वर्षी निघणाऱ्या तुकडीला तीच सर्वांत विश्वासू वाटाड्या ठरेल.