दुधांतील सूक्ष्म कण : औषधांचे वाहक

साय पुरती काढून घेतली तरी दूध पांढरेंच कां राहतें? या साध्या प्रश्नापासूनच आमच्या विषयास आरंभ करणें बरें. गाईच्या दुधांत शेंकडा सुमारें ३ ते ३.५ भाग प्रथिनें असतात व त्यांपैकीं सुमारें ८० टक्के केसीन होय. केसीनचे रेणु सुटे न राहतां हजारोंच्या संख्येनें एकत्र येतात व त्यांचे वाटोळे कण बनतात. अशा कणाचा व्यास सुमारें ५० ते ५०० नॅनोमीटर असतो. (एका मिलिमीटराचे दहा लक्ष भाग केले असतां त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर.) हे कण प्रकाश चोहोंकडे विखुरतात, म्हणून दूध पांढरें दिसतें.

हे कण मोठे गुणी हमाल आहेत. कॅल्शियम व फॉस्फेट एकत्र आलीं कीं पाण्यांत न विरघळतां तळाशीं बसावयाचीं. परंतु हे कण त्यांस आपल्या पोटांत घेऊन वासराच्या पोटापर्यंत सुखरूप पोंचवितात. कणांच्या बाहेरच्या अंगास कॅपा-केसीनचे केसांसारखे तंतु असतात, त्यांमुळें कण एकमेकांस चिकटत नाहींत. विरजणानें आंबटपणा वाढला कीं हा बंदोबस्त मोडतो व दहीं लागतें.

आतां औषधांकडे वळूं. कर्करोगावरील पॅक्लिटॅक्सेलसारखीं कित्येक प्रभावी औषधें पाण्यांत जवळजवळ विरघळतच नाहींत. मग तीं शरीरांत न्यावीं कशीं? केसीनच्या रेणूंतील कांहीं भागांस पाणी मानवत नाहीं. अशा भागांच्या आसऱ्यास तसेंच स्वभावाचें औषध जाऊन बसतें, आणि पोटांतील पाचक रसांनीं केसीन पचूं लागलें कीं तें मोकळें होतें. हैफा येथील टेक्निऑन संस्थेच्या संशोधकांनीं २००७ सालीं केसीनच्या कणांत ड-२ जीवनसत्त्व भरून दाखविलें. तेथें तें अतिनील किरणांपासूनहि कांहींसें बचावलें.

तथापि उतावळेपणा नको. पॅक्लिटॅक्सेल वाहून नेणाऱ्या ज्या प्रथिन-कणांस अमेरिकेंत २००५ सालीं मान्यता मिळाली, ते मानवी रक्तांतील अल्ब्युमिनचे, दुधाचे नव्हेत. केसीनवरील कार्य बहुतांशीं प्रयोगशाळेंतच चाललें आहे. शिवाय ज्यांस दुधाचीं प्रथिनें सोसत नाहींत, त्यांस हा वाहक उपयोगीं पडणार नाहीं.

गोळी दुधाबरोबर गिळली म्हणजे हेंच साधतें, असें मात्र पालकांनीं समजूं नये. टेट्रासायक्लिनच्या बाबतींत तर उलटच घडतें : दुधांतील कॅल्शियम त्या औषधास जखडून ठेवतें व तें रक्तांत पुरेसें शिरत नाहीं. म्हणून ती गोळी पाण्याबरोबरच घ्यावयाची असते.