स्पर्धेआधी सराव कमी का करायचा? ट्रायथलॉनवाल्यांकडून शिकण्यासारखं

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, आपल्याकडे जरा उलट्या बाजूने समजल्या जाणाऱ्या एका विषयावर आज लिहिते आहे. तालुका क्रीडा स्पर्धा जवळ आल्या की आपण मुलांचा सराव वाढवतो. पोलीस भरतीचं ग्राउंड आठ दिवसांवर आलं की पोरं सकाळी पळतात आणि संध्याकाळीही पळतात. "मॅडम, दोन दिवस सुटले तर दम जाते," हे वाक्य वर्ध्यापासून आष्टी-कारंज्यापर्यंत कोणत्याही मैदानावर ऐकायला मिळेल.

ट्रायथलॉनवाले याच्या अगदी उलट करतात. ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे, एकापाठोपाठ एक. आयर्नमॅनच्या पूर्ण अंतरात ३.८ किमी पोहणे, १८० किमी सायकल आणि वर ४२.२ किमी, म्हणजे अख्खी मॅरेथॉन असते. मिलिंद सोमण यांनी जुलै २०१५ मध्ये झुरिकला ही स्पर्धा १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केली, तेव्हा त्यांना पन्नाशी गाठायला चारेक महिने बाकी होते. याच्या निम्म्या अंतराची स्पर्धा २०१९ मध्ये गोव्यात मिरामार किनाऱ्यावर सुरू झाली आणि आता महाराष्ट्रातले पुष्कळ हौशी लोक तिथे जातात. नोकरी-धंदा सांभाळून सहा-आठ महिने घाम गाळलेली ही माणसं शेवटचे दोन आठवडे सराव मुद्दाम कमी करत नेतात. याला टेपरिंग म्हणतात.

यामागचं कारण साधं आहे. सरावाने शरीरात दोन गोष्टी साठतात, ताकद आणि थकवा. थकवा ताकदीला झाकून ठेवतो. सराव कमी केला की थकवा लवकर उतरतो, ताकद मात्र हळूहळू उतरते. मधल्या काही दिवसांत माणूस सर्वांत चांगला पळतो, आणि स्पर्धा त्या दिवसांत यावी असा हिशेब करायचा असतो. आपल्या जुन्या लोकांना हे कळत होतंच. शंकरपटाच्या जोडीला आदल्या दिवशी कोणी नांगराला जुंपत नाही!

पण कमी करायचं म्हणजे काय? इथेच बहुतेकांची गडबड होते. दोन आठवडे नुसतं झोपून राहिलं तर ताकदही जाते. २००७ मध्ये बॉस्के आणि मुहिका या संशोधकांनी आधीचे बरेच अभ्यास एकत्र तपासले. त्यांच्या मते दोन आठवडे, सरावाचं प्रमाण ४१ ते ६० टक्क्यांनी कमी आणि वेग मात्र तोच, हे सगळ्यांत फायद्याचं. यातून मिळणारी सुधारणा साधारण दोन-तीन टक्क्यांचीच असते. थोडी वाटते ना? १६०० मीटर सहा मिनिटांत धावणाऱ्या मुलासाठी दोन टक्के म्हणजे सात सेकंद. भरतीत सात सेकंदांनी गुण बदलतात.

म्हणजे आठवड्याला दहा तास सराव असेल, तर आधी सात आणि मग चार-पाच तास. रोजची हजेरी चुकवायची नाही, पण पाच किमीच्या जागी दोन किमी, आणि त्यात शंभर मीटरचे तीन-चार वेगवान तुकडे. ट्रायथलॉनवाले धावणं आधी कमी करतात, कारण हाडा-सांध्यांना सगळ्यात जास्त मार त्याचाच बसतो.

या दिवसांत एक गंमत होते. पाय जड वाटतात, कुठेतरी बारीक दुखतं, वजन किलो-दीड किलो वाढतं. मुलं घाबरतात, "मॅडम, मी सुस्त झालो." स्नायूंमध्ये साखर साठते आणि एक ग्रॅम साखरेसोबत जवळपास तीन ग्रॅम पाणी साठतं, वजन त्याचंच असतं. पालकांनी तेव्हा जेवण तोडू नये. भात, पोळी, केळी, बटाटा असू द्यावा. तर्री आणि नवीन प्रयोग मात्र स्पर्धेनंतर! आदल्या रात्री झोप लागली नाही तरी चालेल, त्याच्या आधीच्या रात्री पुरेशी हवी.

आता आपल्या जिल्ह्याची खरी अडचण. स्पर्धांच्या दिवसांतच सोयाबीनची कापणी येते, पाठोपाठ कापूस वेचणी. सकाळी मैदानावर आलेलं पोरगं दुपारभर शेतात वाकलेलं असतं, शिवाय शाळेला सायकलने येणं-जाणं. हा सगळा भार शरीर मोजतं, आपण मात्र मोजत नाही. शहरातल्या धावपटूचा तक्ता मोबाईलवरून उतरवून त्याला देणं मला अन्यायाचं वाटतं. घरचं काम थांबवता येत नसेल तर मैदान तेवढं कमी करा. नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवल्यावर दुखत असेल, तर "पळता पळता मोकळं होईल" असं म्हणू नका, हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. आणि उन्हाचं तर विसरूच नका. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीत पाच किमी धावताना उमेदवार कोसळले, काहींचा जीव गेला.

स्पर्धेनंतरचंही थोडं सांगते. पूर्ण आयर्नमॅननंतर लोक दोन ते चार आठवडे जोराचा सराव करत नाहीत. शाळेत मात्र तालुक्याला पहिला आलेला मुलगा दुसऱ्याच दिवशी जिल्ह्यासाठी पळायला उभा केला जातो. दोन-तीन दिवस त्याला चालू द्या, खेळू द्या.

सातवी-आठवीच्या वर्गात हा पाठ घ्यायचा असेल तर एक वही पुरे. मुलांनी सकाळी उठल्या उठल्या अंथरुणातच तीस सेकंद नाडी मोजून दुप्पट करायची आणि लिहायची. शेजारी झोप किती तास, मैदान किती मिनिटं आणि शेतात किती तास, असे तीन रकाने. पंधरा दिवसांनी आलेख काढायला लावा. नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी वर गेलेली दिसली, की त्या दिवशीचा शेताचा रकाना आधी बघा.