हलकी ओपनिंग करायची तर उत्तर आधी ठरवा

ब्रिजमध्ये तिसऱ्या जागेवरून दहा गुणांवरही ओपनिंग करावी, असं माझं ठाम मत आहे. पण उत्तराची पद्धत भिडूशी ठरलेली नसेल तर ती मुळीच करू नये, हेही मी तितक्याच आग्रहाने सांगेन. भिडू पास, उजवीकडचा पास, आणि आपल्याकडे इस्पिकची एक्का-राजा-गुलामासह पाच पानं, बाहेर एक राणी : एकूण 10 गुण. उरलेले 30 गुण तिघांत आहेत. त्यांपैकी दोघे पास झालेत, म्हणजे बहुधा बाराच्या खाली. साहजिकच चौथ्याकडे चांगली पानं असण्याचा संभव जास्त. एक इस्पिक म्हटल्याने त्याची बोलीची जागा कमी होते आणि बचाव करायची वेळ आली तर भिडूला उतारी कळते.

धोका पुढे आहे. भिडूकडे इस्पिकची तीन पानं आणि 11 गुण असतील तर तो गेमचं आमंत्रण म्हणून तीन इस्पिक म्हणेल. दोघांचे मिळून गुण 21, करायचे हात नऊ! गेमला साधारण 25 गुण लागतात. इथे तीन इस्पिकही बुडू शकतात. यात भिडूचा दोष नाही, त्याने आपल्या बोलीवर विश्वास ठेवला. कॅनडाचे डग्लस ड्रूरी यांनी नेमका हाच प्रश्न सोडवला; त्यांचे भिडू एरिक मरे हलक्या ओपनिंगसाठी प्रसिद्ध होते. त्यांच्या नावाच्या ‘ड्रूरी’ संकेतात, आधी पास झालेल्या भिडूचे दोन किल्वर म्हणजे एक प्रश्न : मला तुझ्या रंगाचा आधार आहे, गुण दहा-बारा आहेत, तुझी ओपनिंग पुरी आहे का? मूळ पद्धतीत दोन चौकट हे हलकेपणाचं उत्तर होतं. ‘रिव्हर्स ड्रूरी’त हलका ओपनर दोन इस्पिकवर परततो.

आक्षेप असा, की लांब किल्वर दाखवायची सोय जाते. जाते खरी. पण तीन पानांचा आधार सहा किल्वरांपेक्षा कितीतरी वारंवार येतो, आणि इस्पिकच्या गेमला दहा हात पुरतात, किल्वरला अकरा लागतात. दुसरा आक्षेप : विरोधक दोन किल्वरला डबल देऊन जोडीदाराला उतारी सुचवतो. हे नुकसानही तीन इस्पिक बुडण्यापेक्षा मला परवडतं. म्हणून मधे डबल किंवा दुसरी बोली आली तर ड्रूरी चालू राहील की नाही, हे आधीच ठरवा आणि हा संकेत विरोधकांना उघड सांगा. शिवाय दोन इस्पिक ऐकल्यावर भिडूने आपले 11 गुण पुन्हा मोजू नयेत, पास म्हणावं. त्याला हा संयम पाळता येणार नसेल, तर हलकी ओपनिंग करू नका.